गाळलेली पानं

नानांना प्रत्येक गोष्टीवर मत होतं. शेजाऱ्यांनी दाराला दिलेला रंग, आमटीत मीठ आधी पडलं की नंतर, बातम्या सांगणारी बाई श्वास कुठे घेते, सगळ्यावर. वजनमापं खात्यात निरीक्षक म्हणून त्यांनी उभी हयात काढली होती. दुकानात शिरायचं, तागडी तपासायची, वजन उलटं करून बुडातलं शिसं कुणी खरवडलंय का ते बघायचं आणि मापात पाप करणाऱ्याला तिथल्या तिथे दंड ठोकायचा. निवृत्त झाल्यावर तपासायला दुकानं उरली नाहीत, तेव्हा त्यांनी पुस्तकं तपासायला घेतली.

रस्त्याच्या टोकाला असलेल्या वाचनालयात दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी वाचकांची बैठक भरायची. ज्यानं जे वाचलं असेल त्यावर त्यानं उठून बोलायचं. नाना उठले की मागच्या रांगेतले लोक खुर्च्या पुढे ओढायचे. पाककृतींच्या एका जाडजूड पुस्तकाबद्दल ते म्हणाले होते, "बाईंच्या हाताला चव असेल. पण 'मीठ चवीनुसार' हे शब्द ज्या पुस्तकात पानोपानी येतात ते आमच्या खात्यानं जप्त केलं असतं." एका कारखानदाराच्या चरित्राबद्दल म्हणाले, "जन्मापासून मरेपर्यंत या माणसाला एकदासुद्धा सर्दी झाली नाही. लेखक त्याच्या पगारावर होता का, तेवढं कुणीतरी शोधा." कवितांबद्दल तर विचारूच नका. "ओळी अर्ध्यावर तोडून निम्मं पान कोरं सोडलंय आणि किंमत मात्र भरल्या पानाची." आणि हसणं ओसरलं की मग हळूच, "शेवटाकडची एक कविता मात्र मी दोनदा वाचली. आईच्या चष्म्यावरची. ती घरी नेऊन वाचा." लोक खरंच घरी नेऊन वाचायचे.

मग नानांचे डोळे बिघडले. नजरेच्या बरोबर मधोमध एक करडा डाग येऊन बसला आणि पसरत गेला. कडेकडेचं दिसायचं. माणूस समोर आला तर त्याचे कान आणि खांदे दिसायचे, चेहरा नाही. चालता यायचं, कप उचलता यायचा, ओळखीच्या आवाजाकडे मान वळवून हसताही यायचं. अक्षर मात्र एकही लागत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आहे एवढं टिकलं तरी मिळवली.

"वाचनालयात कुणाजवळ बोलायचं नाही," नानांनी घरात बजावलं.

घरात माणसं तीन. नाना, त्यांचा मुलगा आणि सून. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीच्या पोटात असायचा. सून घरीच पडदे शिवायची. पुढच्या खोलीत खिडकीपाशी तिचं मशीन, भिंतीला लांबलचक टेबल, त्यावर कापडाचे तागे. नानांची खुर्चीही त्याच खोलीत. डोळे गेल्यावर नाना त्या खुर्चीत नुसते बसून राहायला लागले. मांडीवर पुस्तक, अंगठा पानावर, तोंड खिडकीकडे.

ते तिला बघवेना. कुणी सांगितलं नव्हतं, तीच आपण होऊन म्हणाली, "नाना, मी वाचून दाखवते की."

"तुझं काम?"

"दुपारचा तासभर. काम कुठे पळून जातंय?"

पहिलं पुस्तक तिनं अक्षर न् अक्षर वाचलं. ती काही वाचणाऱ्यातली नव्हती. शाळा सुटल्यावर तिनं पुस्तक हातात धरलं नव्हतं. पण आवाज स्वच्छ होता, आणि नाना मधे थांबवून एखाद्या वाक्यावर असं काही बोलायचे की तिला हसू आवरायचं नाही. तो तास दोघांनाही आवडायला लागला. नाना बैठकीत बोलून आले की घरी येऊन तिला सगळं सांगायचे. कोण हसलं, कुणी वाद घातला. दाताचे डॉक्टर नेहमी वाद घालायचे. "त्यांना लोकांनी तोंड उघडं ठेवून गप्प बसायची सवय झालीय," नाना म्हणायचे.

मग तिला एक मोठं काम मिळालं. नव्यानं बांधलेल्या वसतिगृहाच्या सगळ्या खोल्यांचे पडदे. खिडक्या एका मापाच्या असतील असं तिला सांगण्यात आलं होतं. प्रत्यक्षात एकीचा पायपोस दुसरीच्या पायात नव्हता. उसवा, परत कापा, परत शिवा. दुपार झाली की तिचं लक्ष घड्याळाकडे आणि खुर्चीत नाना पुस्तक पुढे करून तयार.

तेव्हा एक प्रवासवर्णन चाललं होतं. एक माणूस पायी पायी डोंगर ओलांडून मिठाच्या वाळवंटात जातो. वाटेत तो एका सरोवराकाठी बसला तो उठेचना. पाण्याचा रंग सकाळी कसा, दुपारी कसा, पक्षी कुठले, गवत कुठलं. एका दुपारी तिनं एक परिच्छेद सोडला. नाना काही बोलले नाहीत. मग तिनं एक पान सोडलं. आभाळ कोसळलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं बोटाला थुंकी न लावता अलगद चार पानं एकदम उलटली आणि त्या माणसाला सरोवरावरून उठवून थेट वाळवंटात नेऊन सोडलं.

"चालतो बुवा भराभर," नाना खूश होऊन म्हणाले.

त्या महिन्याच्या बैठकीहून नाना आले ते जरा गोंधळलेले होते. "मी म्हटलं, या लेखकाचा मोठा गुण म्हणजे हा शब्दांचा कंजूष आहे. कुठे रेंगाळत नाही. तर सगळे खो खो हसले. दाताचे डॉक्टर तर टाळ्या वाजवत होते. म्हणाले, नाना, असा टोमणा आम्हाला जन्मात जमायचा नाही."

"मग?"

"मग काय, मीही हसलो. पण मी टोमणा कुठे मारला होता?"

तिनं मशीनवर मान खाली घातली. कान तापले होते. आता पुरे, उद्यापासून एक शब्द गाळायचा नाही, असं तिनं मनाशी ठरवलं. आणि दुसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या माणसाचा फोन आला की तळमजल्याचे पडदे जमिनीवर लोळतायत.

एकदा हाताला पानं चुकवायची सवय लागली की तो हात आपला राहत नाही. एका मोठ्या कौटुंबिक कादंबरीतली एक अख्खी आत्या तिनं उडवली. कवितांचं पुस्तक आलं तेव्हा मात्र तिनं काही गाळलं नाही. कविता मुळातच आखूड होत्या.

त्यानंतर आलं एक रहस्यकथेचं पुस्तक. वाचनालयात त्याला एवढी मागणी होती की रांग लागायची. एका सराफाचा त्याच्याच पेढीत खून होतो. घरात त्याची बिनलग्नाची बहीण, जी आयुष्यभर त्याचं घर सांभाळत आलेली. एक भागीदार, एक पुतण्या, एक नोकर. नाना रंगून गेले. रोज वाचन संपलं की अंदाज बांधायचे. पुस्तक परत करायची तारीख आली, आणि नेमकी त्याच आठवड्यात पडदे द्यायची तारीखही. शेवटची बरीचशी पानं राहिली होती. बैठक दोन दिवसांवर होती आणि नानांना त्याच पुस्तकावर बोलायचं होतं.

"आज संपव ग बाई," ते म्हणाले. "जीव टांगणीला लागलाय."

टेबलावर कापड पसरलेलं होतं, टाचण्या लावलेल्या होत्या. तिनं पुस्तक उघडलं. पानं किती उरलीत ते बघितलं. आणि मग पानाकडे न बघता ती बोलायला लागली.

तिला कुणावर तरी खून टाकायचा होता, तो तिनं बहिणीवर टाकला. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. सुचलं आणि सुचत गेलं. पोलिस अधिकारी दारात येतो तेव्हा बहीण मोरीत बसून मेलेल्या भावाचे शर्ट धूत असते. कोपरापर्यंत हात बादलीत. तो म्हणतो, चला. ती वर न बघता म्हणते, "एवढा शेवटचा शर्ट पिळते आणि येते." तिथे तिनं पुस्तक मिटलं.

नानांनी खुर्चीत पाठ टेकली. मग म्हणाले, "वा." आणि मग स्वतःशीच, "शेवटचा शर्ट पिळते आणि येते."

ती उठून मशीनवर बसली. त्या क्षणी तिला लाज वाटली नव्हती, हे तिला पुढे फार खुपलं. त्या क्षणी तिला बरं वाटलं होतं.

रविवारी नाना म्हणाले, "आज तू पण आत येऊन बस. पुस्तक दोघांनी वाचलंय." एरवी ती त्यांना वाचनालयाच्या दाराशी सोडून बाजारात जायची. त्या दिवशी नाही म्हणायला कारण सापडेना. ती शेवटच्या रांगेत, कपाटाला टेकून बसली.

नाना उठले. पुस्तक छातीशी धरलेलं. त्यांनी सुरुवातीला दोनचार चिमटे काढले. या पुस्तकातले पोलिस चहा फार पितात, पुतण्याला लेखकानं नुसता सिगारेटी ओढायला ठेवलाय. लोक हसले. मग त्यांचा आवाज बदलला.

"पण शेवट," ते म्हणाले, "रहस्यकथेत असा शेवट मी वाचला नव्हता. ती बहीण. आयुष्यभर एका माणसाचे कपडे धुतले, आणि खून केल्यावरही आधी धुणं संपवते. आपण सगळे हिऱ्यांच्या मागे धावतो आणि लेखक आपल्याला मोरीत नेऊन उभं करतो. माझी बायको गेली त्या दिवशी सकाळीसुद्धा तिनं माझा शर्ट वाळत टाकला होता. मला हे पुस्तक वाचेपर्यंत तो आठवला नव्हता."

ते थांबले. लोक टाळ्या वाजवतील असं त्यांना वाटत असावं. कुणी वाजवल्या नाहीत.

"नाना," दाताचे डॉक्टर म्हणाले, "बहीण कुठली? खून भागीदारानं केलाय. बहीण तर शेवटाआधी स्वतःच मरते. दुसरा खून तिचाच."

कुणीतरी फिसकन हसलं. वेळ न कळून सुटलेलं हसू होतं ते. दुसऱ्या कुणीतरी म्हणालं, "मला वाटलं नाना गंमत करतायत." पण नानांचा चेहरा गमतीचा नव्हता, ते सगळ्यांना दिसत होतं. फक्त नानांना कुणाचा चेहरा दिसत नव्हता. ते या आवाजाकडून त्या आवाजाकडे मान वळवत राहिले.

"भागीदार?" ते म्हणाले.

"शेवटच्या प्रकरणात कबूलच करतो की तो. तुम्ही दुसऱ्या पुस्तकाशी गल्लत करताय का?"

"असेल," नाना म्हणाले. "गल्लत झाली असेल माझी." आणि खुर्ची चाचपून खाली बसले.

ग्रंथपाल बाईंनी घाईघाईनं पुढच्या माणसाचं नाव पुकारलं. सून मागे कपाटाला टेकून होती. उठून 'माझी चूक आहे' एवढं म्हणायला चार शब्दसुद्धा लागत नव्हते. ती उठली नाही.

घरी जाताना नानांनी तिचा दंड धरला होता. एरवी ते नुसती बोटं टेकवायचे.

"तुला आठवतो का ग शेवट?" त्यांनी विचारलं.

इथे तरी सांगायचं. तोंड उघडलं होतं तिनं. पण आधी तेच बोलले. "जाऊ दे. तू कशाला खोटं बोलशील माझ्यासाठी. परवा किल्ली कुठे ठेवली तेही आठवलं नव्हतं मला. डोळ्यांनंतर आता डोकं." आणि तिचा दंड जरासा थोपटला, जणू तिलाच धीर देत होते.

त्यानंतर नाना घरात गप्प झाले. पहिल्यांदा मुलाला ते बरं वाटलं. मग काळजी वाटायला लागली. आमटीत मीठ जास्त पडलं तरी नाना निमूट जेवायचे. "कसं झालंय?" विचारलं तर म्हणायचे, "तुम्हाला कसं वाटतंय?" गोळी घेतल्यावर पाच मिनिटांनी विचारायचे, "घेतली ना मी?" बँकेच्या कागदांवर सही करायची वेळ आली तेव्हा त्यांनी कागद मुलाकडे सरकवला. "माझ्या शब्दावर आता भरवसा ठेवू नका. तूच ठरव."

मुलगा त्यांना स्मृतीच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. तीही गेली होती. ती बाहेर बाकावर बसली आणि दार अर्धवट उघडं होतं. डॉक्टर विचारत होत्या, आज वार कोणता, ही तीन नावं लक्षात ठेवा, शंभरातून सात वजा करत जा. आयुष्यभर आकडेमोड केलेला माणूस शहाऐंशीवर अडखळला, मग परत पहिल्यापासून सुरू झाला आणि परत अडखळला. घाबरले होते ते. आवाजावरून कळत होतं. ती मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली, बोट पांढरं पडेपर्यंत.

डॉक्टर म्हणाल्या, काही स्पष्ट दिसत नाही, काही महिन्यांनी परत या. नानांनी त्याचा अर्थ आपल्या पद्धतीनं घेतला.

घरी आल्यावर स्वयंपाकघरात नवरा तिला म्हणाला, "तू वाचून दाखवतेस म्हणून निदान तेवढं तरी चाललंय त्यांचं. नाहीतर काय झालं असतं." ती पातेलं घासत होती. तेच पातेलं तिनं तीनदा घासलं.

वाचन सुरू होतं. आता ती एक स्वल्पविरामसुद्धा सोडत नव्हती. पण नाना मधे थांबवत नव्हते, हसत नव्हते. संपलं की म्हणायचे, "छान आहे." ज्या माणसानं कधी नुसतं 'छान आहे' म्हटलं नव्हतं तो रोज तेच म्हणायला लागला.

एका दुपारी ती वाचत असताना ते म्हणाले, "थांब जरा. तुला एक विचारू?"

"विचारा ना."

"ती बहीण मला अजून दिसते. बादलीत हात घातलेली. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकवलेल्या आहेत, हेही दिसतं. भागीदारानं कबुली दिल्याचं मला काही आठवत नाही. आता बघ, विसरणं मी समजू शकतो. सगळेच विसरतात. पण जे पुस्तकात नाहीच, ते मी रचलं आणि खरं मानलं. मग आणखी काय काय रचलं असेन मी? तुझ्या सासूबाईंनी तो शर्ट वाळत टाकला होता, ते तरी खरं का?" त्यांनी तोंड तिच्या आवाजाकडे वळवलं. "त्याचीच भीती वाटते ग."

तिनं पुस्तक खाली ठेवलं. "नाना, बादली मी घातली."

"काय?"

"ते पुस्तकात नव्हतं. मी मनानं सांगितलं. शेवट मी वाचलाच नव्हता. पडद्यांची घाई होती. आणि तेवढंच नाही." मग तिनं सगळं सांगितलं. सरोवर, चार पानं, आत्या. सांगताना ती त्यांच्याकडे बघत होती, कारण त्यांना आपला चेहरा दिसत नाही हे तिला माहीत होतं, आणि या गोष्टीचीही तिला लाज वाटली. मग तिनं नजर खाली घातली.

 नानांनी लांब श्वास सोडला. "म्हणजे डोकं शाबूत आहे माझं."

"हो नाना."

"बैठकीच्या दिवशी तू मागे बसली होतीस."

"हो."

"डॉक्टरकडे बाहेर बसली होतीस."

तिला हो म्हणवेना.

"पानं गाळलीस," नाना म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "पानं गाळलीस त्याचं मला फारसं काही नाही. तू कामाची बाई, मी रिकामा म्हातारा. मला सांगितलं असतंस, नाना, सरोवर कंटाळवाणं आहे, तर मीच म्हटलं असतं, पुढे चल. दुकानदार माप मारायचे, मी पकडायचो, दंड भरून ते मोकळे व्हायचे. काहींशी माझी पुढे ओळखही झाली. पण एकजण होता. गिऱ्हाईक म्हणायचं, वजन कमी आहे, तर हा चारचौघांत म्हणायचा, आजोबा, तुमच्या हातालाच आता अंदाज राहिला नाही. आणि म्हातारा खरं मानून घरी जायचा. त्याच्याकडचा चहा मी कधी घेतला नाही."

ते उठले, भिंतीला धरत आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं. तो तिच्याकडे असा बघत राहिला की ती म्हणाली, "ओरड तरी." तो ओरडला नाही. "मी त्यांच्या देखत कपाटाला कुलूप लावलं," एवढंच म्हणाला. "ते कागद हरवतील म्हणून."

नाना तिच्याशी बोलत होते, पण पाणी दे, दार लाव, एवढंच. गोळी घेतली का म्हणून विचारणं बंद झालं. जेवताना एकदा म्हणाले, "मीठ जास्त आहे." ती आत जाऊन रडली, आणि त्यात बरं वाटल्याचं रडूही होतं.

बैठकीला मात्र ते जाईनात. "तोंड दाखवायला जागा नाही," म्हणाले. मग तिनं ठरवलं की आपण जायचं. ज्यांच्या देखत त्यांची मान खाली गेली त्यांच्या देखतच ती वर करायची. नानांना न सांगता ती रविवारी एकटी गेली आणि ग्रंथपाल बाईंना म्हणाली, "मला थोडं बोलायचंय."

चारचौघांत ती कधी बोलली नव्हती. तिनं खुर्चीची पाठ घट्ट धरली. "त्या दिवशी नानांची गल्लत झाली नव्हती," ती म्हणाली. "मी त्यांना शेवट चुकीचा सांगितला. मी रोज वाचून दाखवते त्यांना, आणि मी पानं गाळली. प्रवासाच्या पुस्तकातलीही. त्यांना दिसत नाही, त्याचा मी..."

ती थांबली. खोलीत शांतता पसरली होती, आणि ती शांतता तिच्या चुकीबद्दलची नव्हती.

"दिसत नाही?" दाताचे डॉक्टर म्हणाले. "नानांना?"

घरातून बाहेर जाऊ द्यायची नव्हती अशी एकच गोष्ट नानांनी सांगितली होती. तीच तिनं भर बैठकीत सांडली होती. तिला पायाखालची जमीन दुभंगून हवी होती. पुढचं ती काय बोलली ते तिला आठवत नाही. बाहेर आली तेव्हा ग्रंथपाल बाई मागून हाका मारत होत्या, पण तिला वळून बघायचं धाडस झालं नाही.

या वेळी मात्र तिनं दिवस जाऊ दिले नाहीत. घरात शिरली ती तडक नानांच्या खोलीत गेली आणि चप्पलही न काढता काय केलं ते सांगितलं.

नानांनी डोक्याला हात लावला. "अग, उसवलेलं शिवायला गेलीस की उरलेलंही फाडायला?"

"चुकलं नाना."

"मला विचारायचंस तरी."

"तुम्ही जाऊ दिलं नसतंत."

"नसतंच दिलं." ते म्हणाले. "मोठ्यांदा बोलायला लागतील आता सगळे. आंधळा झाला की लोक त्याला बहिरा समजतात. म्हणून सांगितलं नव्हतं मी कुणाला." मग थोड्या वेळानं, तिच्याकडे नाही, खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "पुस्तक छातीशी धरून उभा राहायचो. जसं काही मीच वाचून आलोय. एकदाही म्हटलं नाही की माझी सून वाचते. म्हणायला पाहिजे होतं."

"नाना, असं नका म्हणू." त्यांनी रागवलेलं तिला परवडलं असतं.

संध्याकाळी बेल वाजली. दारात दाताचे डॉक्टर, हातात ते रहस्यकथेचं पुस्तक. ते आत येऊन खुर्चीच्या अगदी जवळ उभे राहिले आणि ओरडले, "नाना! मी आलोय!"

"ऐकू येतंय हो," नाना म्हणाले. "दात काढायला आलात का?"

डॉक्टरांनी मान खाली घातली. "त्या दिवशी मी चारचौघांत बोलायला नको होतं. कानात सांगायला हवं होतं." मग पुस्तक उघडून म्हणाले, "शेवट राहिलाय ना तुमचा? वाचतो."

डॉक्टर शिकवल्यासारखं वाचायचे, प्रत्येक शब्दावर जोर देऊन. ती मशीनवर बसली होती, पण मशीन चालवलं नाही. भागीदार आला, त्यानं मोठं भाषण करून कबुली दिली, पोलिसांनी शेवटचा चहा घेतला. तिनंही हा शेवट पहिल्यांदाच ऐकला.

"काय नाना, मत?" पुस्तक मिटून डॉक्टरांनी विचारलं.

"हा भागीदार पहिल्याच प्रकरणात खुनी वाटला होता मला. म्हणून तो असणार नाही असं धरून चाललो," नाना म्हणाले. कितीतरी आठवड्यांनी त्यांना पुस्तकावर मत होतं. "लेखकानं सोपं काम केलंय. बहिणीला मारून टाकली, कारण तिचं काय करायचं ते त्याला कळेना."

"तुमच्या सूनबाईंचा शेवट यापेक्षा बरा होता," डॉक्टर हसून म्हणाले.

नाना हसले नाहीत. "बरा होता," ते म्हणाले. "पण तो तिनं तिच्या नावावर सांगायला हवा होता."

तिनं टेबलावरचं कापड उगाचच घडी करायला घेतलं. कौतुक होतं की शिक्षा ते तिला ठरवता येईना, पण तोंड मात्र कानापर्यंत लाल झालं होतं.

पुढच्या बैठकीला नाना गेले, आणि उठल्याबरोबर म्हणाले, "हे पुस्तक मला माझ्या सुनेनं वाचून दाखवलं." काही दिवस लोक त्यांच्याशी मोठ्यांदा बोलले, मग कंटाळले आणि नेहमीसारखे वाद घालायला लागले. वसतिगृहाचे पडदे एकदाचे गेले. घरी नव्यानं वाचायला घेतलं ते प्रवासवर्णन, पहिल्या पानापासून. सरोवर आलं तेव्हा नाना म्हणाले, "कंटाळवाणं आहे खरं. पण वाच." तिनं वाचलं, पक्षी आणि गवतासकट.

आता दुपारचं वाचन संपलं की नाना हात पुढे करतात आणि ती पुस्तक त्यांच्या हातात देते. ते मिटायच्या आधी खुणेच्या दोन्ही बाजूंची पानं अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून बघतात. डावीकडे किती झाली, उजवीकडे किती राहिली. बघतात आणि काही न बोलता पुस्तक परत देतात. ती ते घेते आणि टेबलावर ठेवते, आणि मशीन सुरू करायला तिला दर वेळी थोडा वेळ लागतो.